कुकरचं बूच आणि भंगारातलं इंजिन

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. "सर, भंगारवाल्याकडून जुन्या मोपेडचं इंजिन आणलंय. त्याला पंखा बसवून गाडी पळवणार." त्याच्या हातावर ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर ईदच्या सकाळी असतो तसा आनंद. मी त्याच्या पाठीवर थाप मारली खरी, पण मनात धस्स झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच विदर्भात वेल्डिंगचं काम करणारा, शाळा अर्ध्यात सुटलेला एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. फिरतं पातं तुटलं आणि सगळं संपलं. बातमी दोन दिवस चालली. कुणी त्याला वेडा म्हटलं, कुणी शास्त्रज्ञ. तो एकटा का होता, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला रिचर्ड ट्रेव्हिथिक आठवतो. जन्म १७७१. वडील खाणीतले अधिकारी. शाळेच्या मास्तरांच्या मते हा मुलगा हट्टी, मंद, सारखा गैरहजर राहणारा. (आम्हा मास्तरांचे अंदाज किती चुकतात, त्याचा हा नमुना.) खाणीतलं पाणी उपसणारी वाफेची इंजिनं बघत तो मोठा झाला.

त्या काळी जेम्स वॅटच्या इंजिनांचा दबदबा होता. त्यांत वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम जास्त असे. वाफ थंड करून पोकळी निर्माण करायची आणि त्यावर काम चालवायचं. म्हणून ही इंजिनं खोलीएवढी मोठी असत. ट्रेव्हिथिकला वाटलं, दाबच वाढवला तर? इंजिन लहान होईल, चाकांवरसुद्धा बसेल. वॅटला जास्त दाबाची भीती वाटत होती, आणि ती उगीच नव्हती. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. भांडं फुटलं की आतलं तापलेलं पाणी क्षणात वाफ होतं आणि लोखंडाचे तुकडे तोफगोळ्यांसारखे उडतात.

ट्रेव्हिथिकने एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याला गणित फारसं येत नव्हतं, पण विचारायची लाज नव्हती. डेव्हिस गिडी नावाचा त्याचा एक शिकलेला मित्र होता. त्याला त्याने विचारलं, "वाफ थंड न करता सरळ हवेत सोडली तर किती ताकद वाया जाईल?" गिडीने हिशेब करून सांगितलं, फक्त एका वातावरणाच्या दाबाइतकी. बस्स, वाट मोकळी झाली. घरातल्या टेबलावर छोटी इंजिनं चालवून झाल्यावर १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याची वाफेची गाडी कॅम्बोर्नच्या चढावर माणसं घेऊन धावली.

तीन-चार दिवसांतच ती बिघडली. गाडी छपराखाली ढकलून मंडळी जेवायला गेली आणि आतली आग विझवायचं विसरली. पाणी आटलं, लोखंड लाल झालं, गाडी आणि छप्पर दोन्ही जळालं. माणूस वाचला, म्हणून ही गोष्ट हसण्यावारी गेली.

पुढची गेली नाही. १८०३ साली ग्रीनिचमध्ये त्याचं एक इंजिन पाणी उपसत होतं. ते सांभाळणारा पोऱ्या वाम मासे पकडायला गेला आणि जाताना एका मजुराला लक्ष ठेवायला सांगून गेला. इंजिन फार वेगाने चालू लागलेलं बघून मजुराने ते थांबवलं. पण वाफ सोडणारा दांडा पाना अडकवून दाबून ठेवलेला होता. तो पाना त्याने काढलाच नाही. वाफेला वाट उरली नाही. बॉयलर फुटला आणि चार माणसं मेली.

प्रतिस्पर्ध्यांना आयतं कोलीत मिळालं. जास्त दाबाची वाफ म्हणजे मरणच, असा गाजावाजा सुरू झाला. ट्रेव्हिथिकने पोऱ्याची चूक म्हणून हात झटकले असते, तर त्याची विद्या तिथेच संपली असती. त्याने पुढच्या बॉयलरांना एकाऐवजी दोन झडपा बसवल्या, त्यातली एक चालवणाऱ्याचा हातच पोहोचणार नाही अशी. दाब दाखवणारी पाऱ्याची नळी लावली. आणि बॉयलरमध्ये शिशाचं एक बूच बसवलं. वर पाणी आहे तोवर शिसं थंड राहतं. पाणी आटलं की ते वितळतं, भोक पडतं आणि वाफ आगीवर सुटते. माणूस मासे पकडायला गेला तरी शिसं जागेवर असतं.

पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधल्या पेनिडॅरन इथे त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं रुळांवरून ओढली. रेल्वेचा इतिहास इथून सुरू होतो.

आज घरी गेल्यावर अम्मीच्या कुकरचं झाकण उचलून बघा. शिट्टीच्या बाजूला बटणासारखा सेफ्टी व्हॉल्व्ह दिसेल. कुकरमधलं पाणी संपलं की तो वितळतो. हा ट्रेव्हिथिकच्या त्याच बुचाचा नातू. वितळलेल्या व्हॉल्व्हच्या जागी खिळा किंवा नाण्याचा तुकडा ठोकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांनी ग्रीनिचचा तो पाना पुन्हा अडकवला, एवढंच.

ट्रेव्हिथिक आणि आपला तो तरुण यांच्यात हिमतीचा फरक मला दिसत नाही. हुनरही दोघांकडे होतं. फरक आजूबाजूच्या माणसांचा होता. एकाला गिडी मिळाला, हिशेब करून देणारा. दुसऱ्याच्या गावात पाती किती ताण सोसतील हे सांगणारं, "आधी दोराने बांधून, लांब उभं राहून चालवून बघ," म्हणणारं कुणी होतं का? आपल्या वस्त्यांत गॅरेज, वेल्डिंग, रिवाइंडिंग करणारी पोरं आहेत. त्यांची बोटं इंजिनिअरपेक्षा हुशार असतात. आपण मात्र त्यांची वाहवा करतो किंवा टर उडवतो. त्यांच्याजवळ जाऊन बसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी ओळखीच्या आयटीआयच्या निदेशकांकडे घेऊन गेलो. त्यांनी इंजिन बघितलं आणि तीन अटी घातल्या. पंख्याला जाळी हवी. पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. आणि काय बिघडलं ते दर वेळी वहीत लिहायचं. मुलगा जरा हिरमुसला. त्याला त्याच दिवशी गाडी पळवायची होती.

काल त्याने वही दाखवली. पहिल्या पानावर एकच ओळ होती : "नट ढिला होता, जाळीमुळे वाचलो."