पिल्लांच्या जुलाबाचा माग

आपल्या बैठकीत शेळ्या-कोंबड्यांचा विषय नेहमी निघतो. डुकराचं नाव काढलं की काहीजणी तोंडाला पदर लावतात. पण डुकरं पाळून घर चालवणाऱ्या बायाही आपल्यातल्याच. म्हणून आज आम्ही त्यांच्या धंद्यातला एक इतिहास सांगणार आहोत.

१९७१ साली इंग्लंडमध्ये डुकरांत जुलाबाची साथ आली. १९७८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तिचा विषाणू शोधला. त्याला नाव दिलं सीव्ही ७७७. तो कोरोनाच्याच कुळातला, पण घाबरू नका, माणसाला त्याची लागण होत नाही. पुढे चीनमध्ये याच विषाणूपासून केलेली लस वापरात आली. ती गाभण डुकरिणीला टोचायची, कारण पिल्लाला संरक्षण मिळतं ते आईच्या चिकातून आणि दुधातून. चिकाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग २०१० च्या अखेरीस चीनमध्ये लस दिलेल्या फार्मवरसुद्धा आठवड्याच्या आतली पिल्लं पटापट मरू लागली. आतड्याचं अस्तर झडतं, दूध पचत नाही, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी संपतं. दहा लाखांहून जास्त पिल्लं गेली.

अशा वेळी दोष लगेच टोचणाऱ्यावर जातो, नाहीतर पाळणाऱ्यावर. इथे खरं कारण प्रयोगशाळेत सापडलं. आजारी पिल्लांच्या विष्ठेतून विषाणू वेगळा काढून त्याची जनुकीय अक्षरं वाचली. ही सुमारे २८,००० अक्षरांची माळ असते. विषाणूच्या अंगावरचे काटे ज्या भागावरून घडतात, तिथे काही अक्षरं नवी घुसली होती, काही गळाली होती. याच काट्यानं तो पेशीला चिकटतो. जुन्या लसीनं तयार झालेलं आईचं दूध या बदललेल्या काट्यापुढे कमी पडलं.

२०१३ च्या वसंतात तोच आजार अमेरिकेत उगवला. वर्षभरात लाखो पिल्लं मेली. अक्षरं ताडून पाहिली, तर ती चीनच्या आन्हुई प्रांतातल्या विषाणूशी सगळ्यात जास्त जुळली. समुद्र ओलांडून तो आला कसा? सरकारी तपासात मालाच्या मोठ्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या पिशव्यांवर दाट संशय गेला. आपल्याकडेही पेंडीची रिकामी पोती या घरून त्या घरी फिरतातच की!

नमुना घ्यायची तिथली एक रीत आम्हाला फार आवडली. खुराड्यात सुती दोर टांगतात. डुकरं कुतूहलानं तो चघळतात. मग दोर पिळून लाळ तपासणीला पाठवतात. ना धरपकड, ना आरडाओरडा. २०१४ च्या सुरुवातीला कळलं की काट्यात वेगळा बदल झालेला एक सौम्य विषाणूही फिरतोय.

त्याच वर्षी जूनमध्ये नव्या विषाणूवर बेतलेल्या लसीला अमेरिकेत सशर्त परवाना मिळाला. तीही डुकरिणीलाच द्यायची, पिल्लं होण्याआधी.