चंद्रावर जाण्यास लोक राजी होते काय?

१९६० च्या दशकात सारा अमेरिकन देश चंद्राच्या ध्यासाने भारून गेला होता आणि म्हणूनच माणूस चंद्रावर पोहोचला, असे विधान आपण नेहमी ऐकतो. विज्ञानदिनाच्या भाषणांतही ते हटकून येते. परंतु त्या काळात घेतलेल्या जनमत पाहण्या निराळेच सांगतात. एखाद्या प्रचंड वैज्ञानिक उपक्रमाला लोकांचा पाठिंबा कसा मिळतो आणि तो का ओसरतो, हे समजून घेण्यासाठी त्या पाहण्यांकडे जरा बारकाईने पाहू.

'शक्य आहे' असे वाटणे

डिसेंबर १९४९ मध्ये गॅलप संस्थेने अमेरिकन नागरिकांना विचारले, की पुढील पन्नास वर्षांत माणूस चंद्रावर पोहोचेल काय? फक्त १५ टक्के लोकांनी 'होय' म्हटले. ७० टक्क्यांनी 'नाही' म्हटले. यात नवल नव्हते. अग्निबाण म्हणजे महायुद्धात लंडनवर कोसळलेले जर्मन व्ही-२ अस्त्र, नाही तर मुलांच्या चित्रकथांतील गंमत, एवढीच सामान्य माणसाची त्याच्याशी ओळख होती.

हे मत बदलण्यात 'कोलिअर्स' या लोकप्रिय नियतकालिकाचा मोठा वाटा आहे. २२ मार्च १९५२ च्या अंकापासून १९५४ पर्यंत त्याने अवकाशप्रवासावर लेखमाला चालवली. तिचे प्रमुख लेखक होते व्ही-२ घडवणारे आणि आता अमेरिकन लष्करासाठी काम करणारे व्हर्नर फॉन ब्राऊन. लेखांना चेस्ली बोनस्टेल यांची चित्रे होती. बोनस्टेल वास्तुरचनेच्या क्षेत्रातून आलेले असल्याने त्यांच्या चित्रांत मापांना महत्त्व होते. २५० फूट व्यासाचे चाकासारखे फिरणारे अवकाशस्थानक त्यांनी असे रंगवले, की ते प्रत्यक्ष पाहून काढल्यासारखे वाटावे. लेखांत यानाचे वजन, कक्षेची उंची, इंधनाची गरज यांचे आकडे होते. पुढे ९ मार्च १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी याच विषयावरचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखवला आणि फॉन ब्राऊन घरोघरी पोहोचले.

ऑक्टोबर १९५७ मध्ये, म्हणजे पहिला स्पुटनिक उडाला त्याच सुमारास, पुन्हा पाहणी झाली. माणूस पंचवीस वर्षांत चंद्रावर जाईल असे मानणारे आता ४१ टक्के होते. आठ वर्षांत एवढा फरक पडला, तो चित्रे, आकडे आणि स्पुटनिकचा धक्का यांच्या एकत्रित परिणामाने.

'करावे काय?' हा प्रश्न

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. एखादी गोष्ट शक्य आहे असे मानणे वेगळे आणि तिच्यासाठी आपल्या करातून पैसे द्यावेत असे मानणे वेगळे. मे १९६१ मध्ये गॅलपने हा दुसरा प्रश्न विचारला : चंद्रावर माणूस पाठवण्यासाठी ४० अब्ज डॉलर खर्च करावेत काय? ३३ टक्के लोक 'होय' म्हणाले, ५८ टक्के 'नाही'. त्याच महिन्यात, २५ मे रोजी, अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याचे उद्दिष्ट संसदेपुढे मांडले.

मग निर्णय झाला कशाच्या बळावर? १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते. त्यानंतर आठवडाभरातच क्यूबामध्ये अमेरिकेची नाचक्की झाली. सोव्हिएत संघाला मागे टाकता येईल अशी एखादी मोहीम आहे काय, असे केनेडी यांनी २० एप्रिलला लेखी विचारले. चंद्र हे त्याचे उत्तर होते. नोव्हेंबर १९६२ मधील एका बैठकीचे ध्वनिमुद्रण २००१ मध्ये खुले झाले. आपल्याला अवकाशात तितकासा रस नाही, महत्त्व आहे ते रशियाच्या आधी पोहोचण्याला, असे केनेडी त्यात नासाच्या प्रमुखांना स्पष्ट सांगतात.

पुढेही जनमत फारसे बदलले नाही. १९६० च्या दशकातील बहुतेक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास लोक अवकाशावरील खर्च जास्त होतो असेच म्हणत राहिले. अंतराळवीर मात्र लोकांचे अत्यंत लाडके होते. म्हणजे कौतुक आणि पाठिंबा या दोन वस्तू एकच नव्हेत. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातील ४ टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात होता. त्याची घसरण अपोलो-११ चंद्रावर उतरण्याच्या आधीच सुरू झाली होती. १९७५ मध्ये तो सुमारे १ टक्का उरला.

प्रश्न विचारणारे

१५ जुलै १९६९, अपोलो-११ च्या उड्डाणाचा आदला दिवस. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनेथी गरीब कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या दोन गाड्यांसह उड्डाणकेंद्रापाशी आले. देशात लोक उपाशी असताना हा खर्च कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख टॉमस पेन स्वतः त्यांना भेटायला बाहेर आले. उद्या बटण न दाबल्याने गरिबी दूर होणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असे त्यांनी सांगितले. आणि आलेल्यांपैकी काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी आत जागा दिली. अ‍ॅबरनेथींनी अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना केली, पण आपला सवाल मागे घेतला नाही.

पुढच्याच वर्षी झांबियात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनीने नासातील शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्टुलिंगर यांना हाच प्रश्न पत्राने विचारला. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले. करातला किती हिस्सा अवकाशाकडे जातो, उपग्रहांचा शेतीला काय उपयोग होईल, हे त्यांनी समजावून दिले आणि सोबत चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र पाठवले. त्यांचे सगळे युक्तिवाद पटतातच असे नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी न समजता उत्तर देणे, हा त्या पत्राचा गुण आम्हाला मोलाचा वाटतो.

शर्यत संपली आणि उत्सुकताही ओसरली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ मधून अंतराळवीरांनी केलेले प्रक्षेपण अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांनी थेट दाखवलेच नाही; त्यानंतर थोड्याच वेळात प्राणवायूची टाकी फुटली आणि सारे जग जागे झाले. त्याच वर्षी उरलेल्यांपैकी तीन चांद्रमोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतले आणि पुढची पन्नास वर्षे चंद्रावर माणूस उतरला नाही.

आपल्यापुढचा प्रश्न

अपोलो-११ चे वीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईला आले, तेव्हा त्यांना पाहायला प्रचंड गर्दी लोटली. मुंबईत तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती; ती १९७२ मध्ये आली. पण गर्दीच्या कौतुकावर धोरण उभारता येत नाही, हे विक्रम साराभाई जाणून होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये थुंबा येथे त्यांनी स्पष्ट केले होते, की चंद्रावर जाण्यात किंवा मानवी उड्डाणांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आम्ही पाहत नाही. समाजाच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात मात्र आम्ही मागे राहता कामा नये.

त्यानंतर काळ बदलला. २०१८ मध्ये भारताने गगनयानाची घोषणा केली. सुरुवातीला सुमारे दहा हजार कोटी रुपयांची असलेली ही योजना सप्टेंबर २०२४ मध्ये अवकाशस्थानकाच्या पहिल्या भागासह २०,१९३ कोटींची झाली. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले, तेव्हा शाळाशाळांतून त्यांची चित्रे लागली. ते योग्यच झाले. पण साराभाईंच्या भूमिकेपासून आपण पुढे का आलो, याचे उत्तर चित्रे लावून मिळत नाही.

आमची शिक्षकांना सूचना आहे, की वर्गात 'हे शक्य आहे का?' आणि 'हे करावे का?' हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडावेत. पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्रात सापडते. दुसऱ्यासाठी देशाचे अंदाजपत्रक उघडावे लागते, इतर गरजांशी तुलना करावी लागते आणि मतभेद ऐकून घ्यावे लागतात. एखाद्या मुलीने 'आमच्या गावात पाणी नाही, मग हे कशाला?' असे विचारले तर तिला गप्प करू नये. पेन आणि श्टुलिंगर यांना याच प्रश्नाला सामोरे जावे लागले होते. अशा प्रश्नाला आकड्यांनिशी उत्तर मिळाल्यावर जी मुले 'तरीही जावे' म्हणतील, त्यांचा पाठिंबा शर्यत संपल्यावरही टिकेल.