जुने म्हणजे किती जुने?



आमच्या ओसरीवर एक तसबीर होती. मध्ये विटेवर पांडुरंग आणि सभोवती सर्व संत. ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, नाथ, तुकोबा, सगळे एकाच अंगणात बसलेले. सहा-सात वर्षांचा असताना माझी पक्की समजूत होती की ही मंडळी एका गावची आणि एका वेळची. आजीला मी विचारले होते, "तू तुकोबांना पाहिलेस का गं?" आजी हसली. म्हणाली, "अरे, माझ्या आजीच्या आजीनेही पाहिले नाहीत." मला ते काही पटले नाही. आजीच्या पलीकडे आणखी काळ असतो, हे त्या वयात डोक्यात शिरत नाही. 'जुने' नावाचे एकच गाव होते. आजी, तुकोबा आणि पांडव हे सारे तिथलेच रहिवासी.

पुढे संप्रदायाचे अध्ययन सुरू झाले तेव्हा त्या तसबिरीतली अंतरे दिसू लागली. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. नाथमहाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४. मधे २९४ वर्षे गेली. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरताना पाठ बिघडले, म्हणूनच तर नाथांना ते काम हाती घ्यावे लागले. नाथांना माउली जुनीच होती. आणि नाथांपासून आपल्यापर्यंत? सुमारे ४४० वर्षे. म्हणजे नाथ आपल्यापेक्षा माउलींना जवळचे. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला, तुकोबांचा जन्म १६०८चा. अवघ्या नऊ वर्षांनी दोघांची गाठ चुकली. आमच्या तसबिरीत मात्र दोघे मांडीला मांडी लावून बसले होते.

तीच गत पालखी सोहळ्याची. आळंदीहून माउलींची पालखी निघते ती अनादि काळापासून, असे मी तरुणपणी कीर्तनात बेधडक सांगत असे. वारी फार प्राचीन, यात शंकाच नाही. पण पादुका पालखीत घालून नेण्याची रीत तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. त्या काळी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्रच जात. माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२च्या सुमारास. शिंदे सरकारांच्या पदरी राहिलेला हा माणूस. सोहळ्याची शिस्त आणि अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व, ही सारी घडी त्यांच्या वेळची. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीला आपण हात लावतो ना, तो अनादि काळाचा माणूस नव्हे.

दहा वर्षांचा असताना १८३२ मला किती दूर होते, याचा परवा हिशेब केला. माझी सारी जमा दहा वर्षांची. तशी बारा-तेरा आयुष्ये टाकावीत तेव्हा हैबतबाबा भेटणार. आज माझे वय ७५. आता माझ्याएवढी अडीच आयुष्ये पुरतात. तुकोबांचे वैकुंठगमन १६५०चे, तिथवर पाच. माउलींची समाधी १२९६ची. दहा म्हातारे टाळकरी एका ओळीत उभे केले, की शेवटच्याचा हात इंद्रायणीच्या पाण्याला लागतो! ओसरीवरच्या पोराला तसबीर जवळची वाटत होती ती अज्ञानाने. मधल्या वयात ती दूर गेली. आता पुन्हा जवळ येऊ लागली आहे. आमच्या घरात तेरा वर्षांपूर्वी घेतलेल्या टाळजोडीला मी अजून 'नवे टाळ' म्हणतो. नातवाला त्याचे हसू येते, कारण ते टाळ त्याच्याहून मोठे आहेत.

ऐन तरुणपणी एका सप्ताहात कीर्तनाला कर्णा लावला, म्हणून मी चिडलो होतो. म्हटले, वीणा, टाळ, मृदंग, पेटी ही आपली परंपरा. हे यंत्र कशाला? एक वृद्ध विणेकरी तोंडातले पान सांभाळत म्हणाले, "बुवा, पेटी माझ्या देखत आली आपल्या फडात. तेव्हाही असाच तंटा झाला होता." मी गप्प बसलो. आपल्या जन्माआधी जे होते ते सनातन आणि नंतर आले ते थेर, एवढाच माझा इतिहास होता.

पण ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसलो तो निराळा आहे. त्याच सुमाराची गोष्ट. मी पंचविशीत होतो. एका गावी चोखोबांच्या अभंगावर निरूपण केले. महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी, देवळाबाहेर उभे राहून केलेली भक्ती, सारे रंगवून सांगितले. लोकांचे डोळे भरले. मग साने गुरुजींचे नाव घेतले. १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि देऊळ उघडण्याची वाट मोकळी झाली, तेही सांगितले. आणि शेवटी म्हणालो, "असो. या जुन्या काळच्या गोष्टी झाल्या." देऊळ उघडले माझ्या जन्माच्या तीन वर्षे आधी. माझ्या लेखी ते यादवांच्या राज्याइतकेच जुने होते.

कीर्तन संपल्यावर माणसे पाया पडून गेली. एक म्हातारे वारकरी मागे थांबले. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, साठी उलटून बरीच वर्षे झालेली. मी वाकायच्या आत तेच वाकले. म्हणाले, "म्हाराज, लई गोड झालं. पर त्ये जुनं न्हाई हो. मी हुतो की तितं."

मग त्यांनी सांगितले. बापाबरोबर पोरवयात वारी धरली. चंद्रभागेचे स्नान करायचे, कळसाला हात जोडायचे, चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवायचे आणि परत फिरायचे. वीसपेक्षा जास्त वाऱ्या अशा झाल्या. बाप तसाच गेला, आत न जाता. देऊळ उघडल्यावर पहिल्या वारीला हे आत गेले. रांगेत पाय कापत होते म्हणाले. विठोबाच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा, "दगुड गार लागंल असं वाटलं हुतं. गार न्हवता." एवढेच बोलले, आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला नजर खाली घालावी लागली.

पुढे चोखोबांचा अभंग कीर्तनाला घेतला, की 'पूर्वीच्या काळी' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तिथी, साल आणि ठिकाण सांगत असे आणि समोर बसलेल्यांत सत्तरीपुढचे कोण आहेत ते पाहून घेत असे. काही वर्षे तसे चेहरे दिसत. मग विरळ झाले, आणि शेवटी शेवटी दिसेनासे झाले.

त्या रात्रीला आता पन्नास वर्षे झाली. ते बाबा कधीच गेले. माझा पुतण्या आता कीर्तन करतो, गळा चांगला आहे. मागच्या माघात त्याने चोखोबांवर निरूपण केले. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. "फार फार जुन्या काळची गोष्ट," अशी त्याने सुरुवात केली. कीर्तन आटोपल्यावर त्याला जवळ बोलावले, पाणी प्यायला दिले, आणि म्हटले, "बस जरा. तुला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे."