मनोरा तोच, संच नवे

अमेरिकेतील डिजिटल दूरचित्रवाणीचे प्रमाणक फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने डिसेंबर १९९६ मध्ये मंजूर केले. जुन्याच ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिट माहिती पाठवायची आणि त्यासाठी झेनिथ कंपनीने विकसित केलेली ८-व्हीएसबी पद्धत वापरायची, असे ठरले. मनोऱ्यावरून काय निघणार, हे त्यामुळे पक्के झाले. घरातल्या संचाने ते कसे उलगडायचे, हे मात्र संच बनवणाऱ्यांवर सोडले होते. पुढच्या दशकातली महत्त्वाची प्रगती याच मोकळ्या ठेवलेल्या बाजूला झाली.

नोव्हेंबर १९९८ मध्ये मोठ्या शहरांत प्रक्षेपण सुरू झाले आणि अडचण लवकरच उघड झाली. शहरात लहरी इमारतींवर आदळून परततात, त्यामुळे एकच संकेत अनेक वाटांनी, मागेपुढे, अँटेनापर्यंत पोचतो. ॲनालॉग संचावर अशा वेळी चित्राशेजारी फिकट सावली दिसे, पण कार्यक्रम पाहता येई. डिजिटल संचात चुका दुरुस्तीपलीकडे गेल्या की चित्राचे तुकडे पडतात आणि ते पार नाहीसे होते. ८-व्हीएसबीत सेकंदाला एक कोटीहून अधिक चिन्हे एकामागून एक निघतात. ३०० मीटर वळसा घेऊन आलेली लहर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते. तेवढ्या वेळात दहा चिन्हे पुढे गेलेली असतात आणि उशिरा आलेली त्यांच्यात मिसळतात. ही सरमिसळ निस्तरणे हे संचातील इक्वलायझर या भागाचे काम. सुरुवातीचे इक्वलायझर त्याला पुरे पडत नव्हते. खोलीत ठेवलेल्या अँटेनावर तर फारच हाल होत, कारण भिंतींमुळे थेट आलेली लहर क्षीण होई आणि मागून येणारी परावर्तित लहर तिच्याहून जोरकस असे.

सिंक्लेअर या प्रक्षेपण कंपनीने १९९९ मध्ये बाल्टिमोर येथे युरोपातील सीओएफडीएम पद्धतीशी तुलना करून पाहिली. त्या पद्धतीत माहिती हजारो लहान वाहक लहरींत विभागली जाते आणि परावर्तन पचवण्यासाठी मध्ये मोकळा वेळ राखलेला असतो. तिलाही परवानगी द्यावी, ही कंपनीची विनंती कमिशनने २००० च्या फेब्रुवारीत फेटाळली. तक्रार रास्तच होती, पण देशात दोन प्रमाणके झाली असती तर ग्राहकांची मोठी फसगत झाली असती. उपाय चिपमध्येच शोधावा लागणार होता.

तो टप्प्याटप्प्याने सापडत गेला. झेनिथ ताब्यात घेतलेल्या एलजी कंपनीची पाचव्या पिढीची चिप २००४ मध्ये पुढे आली. मुख्य संकेताच्या आधी वा नंतर सुमारे ५० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे वाटेतल्या १५ किलोमीटरच्या फरकापर्यंत, येणारी परावर्तने ती हाताळू शके. पूर्वी तक्रार करणाऱ्या सिंक्लेअरनेही तिची वाखाणणी केली. या काळात मनोऱ्यावरची पद्धत जराही बदलली नव्हती.

जुन्या ॲनालॉग संचांना डिजिटल प्रक्षेपण दाखवता यावे म्हणून लागणाऱ्या रूपांतरक बॉक्ससाठी सरकारने २००८ पासून दर घरी ४० डॉलरची दोन कूपने दिली. कूपनावर मिळणाऱ्या बॉक्सला ग्रहणक्षमतेच्या अटी पाळाव्या लागत. पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले.

पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात कमिशनने एटीएससी ३.० या नव्या प्रमाणकाच्या ऐच्छिक वापराला मंजुरी दिली. त्यात हजारो वाहकांचीच पद्धत आहे. जुन्या संचांना ती वाचता येत नाही, म्हणून नव्यासोबत ८-व्हीएसबी प्रक्षेपणही चालू ठेवण्याची अट मंजुरीबरोबरच घालण्यात आली.