पूररेषा व पोथीसंग्रह

जुन्या संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस लेखकाची एक विनवणी पुष्कळदां आढळते. पोथी स्वतःच बोलत आहे अशी कल्पना करून तींत म्हटलेलें असतें कीं, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नको. आम्ही पोथ्या चाळणारे हा मजकूर नेहमींचा म्हणून ओलांडतों आणि शक, संवत्सर व लेखकाचें नांव तेवढें टिपून घेतों. या चार भयांपैकीं दुसऱ्याचा विचार कृष्णाकांठच्या संग्राहकांनीं तरी थोडा थांबून करावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे. या बाबतींत आमच्या हातून जी चूक झाली ती सांगितल्याविना लेखास अर्थ नाहीं; म्हणून तीही पुढें सांगतों.

कृष्णेच्या व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या कांठीं कागदपत्रांची समृद्धि किती आहे हें वाचकांस सांगावयास नको. मिरजेस संस्कृत शिकवीत असतां कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून जो ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, तो याच मुलखांतला. वाडे, मठ व घाट नदीला धरून वसले. त्यामुळें दप्तरेंही नदीच्या शेजारींच राहिलीं.

असें असतां पूर्वीचे लोक पुराविषयीं निष्काळजी होते असें मात्र नाहीं. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील नरसोबाच्या वाडीचें उदाहरण घ्यावें. तेथील दत्तमंदिर पाण्याबाहेर राहील अशा उंचीवर नाहीं. पावसाळ्यांत तें पाण्यांत जातें हें गृहीतच आहे. पाणी उत्तरेकडून शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या द्वारानें बाहेर पडूं लागलें कीं त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, व भाविक त्या पाण्यांत स्नान करतात. पाणी आणखी चढलें म्हणजे उत्सवमूर्ति वर नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रथम काय हलवावयाचें व कोठें न्यावयाचें, याची वाटाघाट ऐन पुरांत करावी लागत नाहीं. तें पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलें आहे. देवाच्या बाबतींत जी शिस्त आम्हांस साधली ती दप्तराच्या बाबतींत साधली नाहीं.

आतां आमची हकीकत. सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाण्याची उंची मोजतात. ४० फुटांस इशारा व ४५ फुटांस धोका समजतात. इ. स. २००५ च्या पुरांत पाणी सुमारें ५४ फुटांवर गेलें. त्या वेळीं तें आमच्या घरांत जेथवर आलें तेथें आम्हीं भिंतीवर खूण केली, आणि मोठा शहाणपणा केला असें समजून त्या खुणेच्या एक हात वर फळी ठोकून तीवर दप्तराची लोखंडी पेटी ठेविली. पुढें शके १९४१ च्या श्रावणांत, म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्यें, पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. आमची खूण दोन हातांहून अधिक बुडाली. एका पुराची खूण म्हणजे पुराची मर्यादा, हा आमचा सिद्धान्त एका रात्रींत खोटा ठरला. शिवाय पेटींत शिरलेलें पाणी पेटींतच राहिलें. बाहेरचें ओसरलें तरी आंतले रुमाल त्यांत भिजतच होते.

अशी चूक मोठमोठ्यांनींही केली आहे. इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत आर्नो नदीचा महापूर ४ नोव्हेंबर १३३३ रोजीं आला होता, व त्याच्या पाण्याची खूण शिलेवर कोरून ठेविलेली होती. तथापि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाची, १९३५ सालीं उघडलेली, इमारत नदीच्या कांठींच उभी राहिली, आणि ग्रंथ तळघरांत व तळमजल्यावरही ठेवले गेले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं, म्हणजे त्याच तारखेस, आर्नो पुन्हा चढली. चिखल व जळाऊ तेल यांनीं मिसळलेलें पाणी दहा लाखांहून अधिक ग्रंथांस व कागदांस लागलें. ओले ग्रंथ वाळविण्यास तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांचाही उपयोग करावा लागला, व दुरुस्तीचें काम दशकेंच्या दशकें चाललें.

भिजलेल्या कागदाचें पुढें काय करावें, याविषयींचें आजचें पुष्कळसें ज्ञान त्या आपत्तींतून निघालें. तें आम्हांस आधीं ठाऊक असतें तर बरें झालें असतें. आम्हीं पेटी उघडतांच रुमाल सोडले, पानें ओढून सुटीं केलीं आणि उन्हांत पसरलीं. हें तिन्ही प्रकारें चुकलें. घोटलेल्या जुन्या कागदाची खळ ओलाव्यानें चिकट होते, व ओढलेल्या पानाबरोबर शेजारच्या पानाचा पापुद्रा निघतो. काजळाची शाई पाण्यांत विरघळत नाहीं हें खरें. परंतु तिला धरून ठेवणारा डिंक सैल पडतो, व बोट लागतांच अक्षर पुसतें. उन्हानें पानें वांकडीं होऊन चिरतात. उलट दोन दिवस नुसतें ठेविलें तर बुरशी चढते. यास्तव गठ्ठा न सोडतां, जसा आहे तसा प्लास्टिकमध्यें गुंडाळून फ्रीझरमध्यें गोठवावा, व सावकाश जाणत्यांच्या हातीं द्यावा. पानें थोडीं असल्यास सावलींत, वाऱ्यावर, टिपकागद बदलीत वाळवावीं. आणखी एक सूचना: चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासण्याची चाल आपणां सर्वांस परिचित आहे, पण हरताळ हें सोमलाचें द्रव्य आहे, हें आपण विसरतों. तशीं ओलीं पानें उघड्या हातांनीं हाताळूं नयेत.

परंतु हें सर्व मागाहूनचें. कृष्णाकांठच्या संग्राहकानें ज्येष्ठांतच आपल्या रुमालांवर क्रमांक घालावे. पहिला कोणता उचलावयाचा तें घरच्या मुलांसही ठाऊक असावें. पानांचीं छायाचित्रें व यादी दुसऱ्या गांवीं असावी. ४० फुटांचा इशारा झाला कीं दप्तर हलवावें, ४५ ची वाट पाहूं नये. कारण त्यानंतर माणसें हलवावयाचीं असतात. घर सोडतांना विजेचें मुख्य बटण बंद करावें, आणि एकदां सोडलें म्हणजे पोथीसाठीं परत फिरूं नये. आमचाही पाय त्या रात्रीं उंबऱ्याकडे वळला होता. शेजारच्या मुलानें दंड धरून ओढलें, म्हणून हा लेख लिहावयास उरलों.

पेटींत मल्लिनाथी टीकेसह किरातार्जुनीयाची एक प्रत होती. तिचे पहिले दहा सर्ग बरे राहिले, पुढील गेले. त्याचें दुःख मोठें नाहीं, कारण ग्रंथ मुद्रित आहे. खरी हानि घरच्या कीर्दीची झाली. तींत जमाखर्चाच्या मध्येंच, अमुक तिथीस पाणी दाराच्या अमुक पायरीस लागलें, अशा दोनतीन नोंदी होत्या. त्या वाचून आम्ही हंसलों होतों, परंतु तिथी उतरून घेतल्या नव्हत्या. आतां त्या पानांचा लगदा झाला आहे. कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या कांठच्या कोणा वाचकाच्या कीर्दींत, रोजनिशींत वा पत्रांत अशी नोंद असल्यास त्यांनीं ती तिथी, स्थळ व पायरी यांसह जशीच्या तशी उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.