सांथ आणि स्वावलंबन

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें दहा मैल गेलें म्हणजे वाघोली लागते. वाघेश्वराचें देऊळ, त्याजवळचें तळें आणि पहिल्या बाजीरावाचे विश्वासू सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधि हीं या गांवाचीं जुनीं भूषणें. दगडांच्या खाणी, मालाच्या वखारी आणि दहा-दहा बारा-बारा मजल्यांच्या वसाहती हें त्याचें नवें रूप. ता. ३० जून २०२१ रोजीं हें गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आणि त्याची ग्रामपंचायत इतिहासजमा झाली. आम्ही या नव्या वाघोलींतले रहिवासी. २०२० सालच्या उन्हाळ्यांत, कोरोनाच्या सांथीनें सारा देश दाराआड बसला असतां, आमच्या वसाहतीच्या फाटकावर आम्हीं जें पाहिलें तेंच या लेखास कारण झालें आहे.

वसाहतीच्या सभासदांनीं ठराव केला होता कीं, बाहेरच्या कोणाही माणसास आंत घेऊं नये. घरकाम करणाऱ्या बाया, इस्त्रीवाला, भाजीवाली यांस फाटकावरूनच परत लावण्यांत येई. ‘आपलें आपण करूं, कोणावांचून अडत नाहीं,’ असें जो तो अभिमानानें म्हणे, आणि भांडीं घांसल्याच्या व पोळ्या लाटल्याच्या कथा एकमेकांस सांगण्यांत एक प्रकारची मौजही वाटे. पण त्याच फाटकांतून पाण्याचे टँकर दिवसांतून अनेक वेळां आंत येत, कारण या वसाहतींना पुरेसें नळाचें पाणी नाहीं; आणि त्या टँकरच्या चालकास ‘तूं कोठून आलास, तुला ताप आहे काय,’ असें कोणींही विचारलें नाहीं. ज्याच्यावांचून आपलें अडतें तो बाहेरचा नव्हे, आणि ज्याचें आपल्यावांचून अडतें तो मात्र बाहेरचा, अशी आमच्या स्वावलंबनाची व्याख्या होती. हें आम्ही इतरांस दूषण देण्याकरितां लिहीत नाहीं. त्या ठरावावर आमचीही सही होती.

स्वावलंबन म्हणजे काय आणि सांथीच्या काळीं समाजाचें मन कसें वागतें, हा प्रश्न आपल्या प्रांताला नवा नाहीं. सव्वाशें वर्षांत तीन मोठ्या सांथी या रस्त्यानें गेल्या. प्रत्येकीनें तोच प्रश्न निराळ्या रीतीनें घातला, आणि आपल्या लोकांनीं त्याचें उत्तरही दर वेळीं निराळें दिलें.

पहिली सांथ प्लेगाची. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचे रोगी ओळखले. वर्ष सरतां सरतां तो ताप पुण्यांत शिरला. ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. कलमें अगदीं थोडीं, पण अधिकार जवळजवळ अमर्याद. त्या अधिकारानें रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे शिपाई मार्चपासून मेपर्यंत पुण्यांत घरोघर शिरले. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, असा कांहींच भेद राहिला नाहीं. रोग्यास रुग्णालयांत आणि त्याच्या माणसांस विलगीकरणाच्या छावणींत नेण्यांत आलें. सामान जाळण्यांत आलें. पुढें ता. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं काय केलें आणि त्यांतून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला कसा उभा राहिला, हें प्रत्येक मराठी माणसास पाठ आहे.

पण त्या पिस्तुलाच्या आवाजांत एक गोष्ट ऐकूं येईनाशी झाली आहे. लोकांचा रोष उपायांवर नव्हता, उपाय करण्याच्या रीतीवर होता. टिळक स्वतः पुणें सोडून गेले नाहींत. सरकारी रुग्णालयाची धास्ती घेतलेल्या लोकांसाठीं त्यांनीं हिंदु रुग्णालय काढण्यांत पुढाकार घेतला. म्हणजे रोग्यास वेगळें ठेवावें हें तत्त्व त्यांसही मान्यच होतें. तें आपल्या माणसांच्या हातून, आपल्या अन्नपाण्यासह आणि आपल्या रीतीभाती सांभाळून व्हावें एवढेंच मागणें होतें. विश्वासानें जें सहज होतें तें शिपायाच्या बुटानें होत नाहीं, हा धडा पुढें सरकारासही कांहीं अंशीं शिकावा लागला.

खेड्यांनीं तर कोणाच्याही सांगण्याची वाट पाहिली नाहीं. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव उठावयाचा, आणि माळावर किंवा शेतांत झोपड्या घालून महिनोन्‌महिने तेथें राहावयाचें, ही रीत प्लेगाच्या वर्षांत महाराष्ट्रभर पडली. कणगींतलें धान्य, विहिरीचें पाणी, दावणीचीं गुरें, कडबा आणि शेणी एवढ्यावर संसार चाले. ही शहाणीव किती खरी होती हें शास्त्रास मागाहून कळलें. १८९८ मध्यें सीमों या फ्रेंच वैद्यानें कराचीस असें दाखविलें कीं, उंदराच्या अंगावरील पिसू हाच या रोगाचा वाहक. १९०५ नंतरच्या संशोधनानें तें मत पक्कें झालें. उंदीर राहत धान्यानें भरलेल्या घरांत. माणूस घर सोडून उघड्यावर गेला कीं पिसवांची आणि त्याची ताटातूट होई. गांवकऱ्यांस पिसवांचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण उंदीर मेला कीं माणूस मरतो हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि त्यावरून वागण्याइतकी त्यांची एकी शाबूत होती. ‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली.

परंतु या चित्रावर लुब्ध होण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे: गांव म्हणजे कोण? ज्याचें शेत होतें त्याला माळावर झोंपडी घालतां येई. ज्याची कणगी होती त्याला चार महिने बसून खातां येई. ज्याला शेतही नाहीं आणि कणगीही नाहीं, ज्याची वस्ती मुळांतच वेशीबाहेर, आणि ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर, त्याचें काय? त्याला गांवाच्या स्वावलंबनांत वाटा नव्हता. उलट गांवाचें स्वावलंबन त्याच्या फुकट किंवा स्वस्त श्रमांवर उभें होतें. वाघोलीहून फार दूर नसलेल्या मुंढव्याची हकीकत या जागीं आठवते. हडपसरनजीक सासाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना मांडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें पोंचविलें, आणि त्याच शुश्रूषेंत रोग जडून ता. १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. गांवानें ज्यांस आपल्यांत मोजलें नव्हतें त्यांच्यापर्यंत एक सासष्ट वर्षांची बाई चालत गेली. आमच्या मतें त्या वर्षीच्या स्वावलंबनाचा सर्वांत मोठा दाखला शेतांतल्या झोपड्यांत नाहीं, या माळावरच्या दवाखान्यांत आहे.

लसीची कथाही याच काळची. ओडेसा येथें जन्मलेल्या हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगाची लस तयार केली आणि ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. तरी लोकांचा विश्वास सहजासहजीं बसला नाहीं. आणि १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल येथें एका दूषित बाटलीमुळें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, तेव्हां होता तोही डळमळला. हाफकिन यांवरील ठपका दूर होण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं. विश्वास हाही सांथीच्या काळचा शिधाच होय. तो आयत्या वेळीं विकत मिळत नाहीं.

दुसरी सांथ १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाची, जिला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. महायुद्धाच्या अखेरीस ती मुंबई बंदरांतून आंत आली. जूनमधली पहिली लाट सौम्य होती, पण सप्टेंबर-ऑक्टोबरांतली दुसरी भयंकर ठरली. प्लेगाच्या वेळचा अनुभव येथें उपयोगी पडला नाहीं. हा रोग उंदरांबरोबर घरांत राहत नव्हता, माणसाच्या श्वासाबरोबर चालत होता. माळावर गेलें तरी तो झोंपडींत शिरे. त्यांत पावसानें दगा दिला, धान्य महागलें, वैरण संपली. घरचीं सगळीं माणसें एकदम अंथरुणास खिळलीं म्हणजे पाणी कोण शेंदणार, चूल कोण पेटविणार आणि उभें पीक कोण काढणार? एकेका घराचें स्वावलंबन दोन दिवसांत संपलें. हिंदुस्थानांत या रोगानें एक कोटीहून अधिक माणसें गेलीं असें अभ्यासक मानतात. आजच्या महाराष्ट्राच्या सीमा धरल्या तर १९११ ते १९२१ या दहा वर्षांत येथील लोकसंख्या वाढण्याऐवजीं जवळजवळ तीन टक्क्यांनीं घटली. असें दुसरें दशक पुढें आलें नाहीं. आणि नवल असें कीं, इतकें मोठें संकट आपण पार विसरून गेलों. प्लेगावर कथा झाल्या, खटले झाले, हुतात्मे झाले. मानमोडीला शत्रूचा चेहरा नव्हता, म्हणून तिला स्मारकही मिळालें नाहीं. ज्या सांथीनें माणसें जास्त नेलीं तिच्यापासूनच आपण सर्वांत कमी शिकलों.

आतां तिसरी. महाराष्ट्रांतले कोरोनाचे पहिले रोगी पुण्यांतच, ता. ९ मार्च २०२० रोजीं आढळले. चारच दिवसांनीं राज्य सरकारनें जो कायदा लागू केला तो तोच, १८९७ चा! ता. २२ मार्चच्या संध्याकाळीं लोकांनीं वैद्य व परिचारिका यांच्या सन्मानार्थ थाळ्या वाजविल्या. आणि पुढच्या महिनाभरांत वैद्य व परिचारिकांवरील हल्ले थांबविण्यासाठीं ता. २२ एप्रिल रोजीं त्याच जुन्या कायद्यास वटहुकुमानें नवीं कलमें जोडावीं लागलीं. लोकमनाचे हे दोन चेहरे एका महिन्याच्या अंतरानें दिसले. खेडोपाडीं लोकांनीं रस्त्यांवर दगड रचले, बाभळीच्या काट्या टाकल्या; प्लेगांत गांव वेशीबाहेर गेला होता, आतां त्यानें वेस बंद केली. मुंबई-पुण्याहून परतणारा पोटचा पोरगाही गांवास परका वाटूं लागला.

आमच्या रस्त्यावर त्या दिवसांत मराठवाडा-विदर्भाकडे तोंड करून चाललेलीं माणसें दिसत. डोक्यावर बोचकें, कडेवर मूल. हीं माणसें इमारतींवर आणि खाणींवर काम करणारीं. आम्ही ज्या घरांत सुरक्षित बसलों होतों तीं घरें अशाच हातांनीं बांधलेलीं. ता. ८ मे रोजीं औरंगाबादेजवळ करमाड येथें रुळांवर झोंपलेले १६ मजूर मालगाडीखालीं चिरडले गेले. त्यानंतर चारच दिवसांनीं, ता. १२ मे रोजीं, पंतप्रधानांनीं देशास आत्मनिर्भरतेची हांक दिली. शब्द मोठा होता; पण त्या १६ जणांइतका स्वतःच्या पायांवर विसंबलेला दुसरा कोण होता? नुसत्या स्वावलंबनानें माणूस घरीं पोंचत नाहीं.

याच काळांत खरें स्वावलंबनही दिसलें, तें कबूल केलें पाहिजे. पुण्याचा मोठा भाजीबाजार बंद पडला तेव्हां जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनीं गट करून भाजी थेट वसाहतींच्या फाटकाशीं आणली. पुण्याच्याच एका कंपनीनें मार्चमध्यें रोग तपासण्याचें पहिलें देशी साधन सिद्ध केलें. आणि वाघोलीपासून नदीपलीकडे असलेल्या मांजरीच्या सीरम संस्थेंतून जानेवारी २०२१ मध्यें लसीचीं खोकीं देशभर रवाना झालीं; ता. १६ रोजीं लसीकरणास आरंभ झाला. पण ही लस शोधिली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनीं, बनली ती पुण्याच्या कामगारांच्या हातून. हाफकिनच्या वेळींही बाहेरची विद्या आणि येथले हात असाच योग होता. पुढें एप्रिलांत प्राणवायूचा तुटवडा पडला तेव्हां महाराष्ट्रास तो विशाखापट्टणहून आगगाडीनें आणावा लागला. ज्यानें दार घट्ट लावून घेतलें असतें त्याचा श्वास कोंडला असता.

या तीन सांथींचा ताळा मांडला तर आम्हांस असें वाटतें कीं, स्वावलंबन म्हणजे कोणावांचून न अडणें नव्हे. तें कोणासही शक्य नाहीं. वाघोलीच्या वसाहतीस नाहीं, आणि राष्ट्रासही नाहीं. आपलें कोणाकोणावांचून अडतें हें शांततेच्या काळीं ओळखून ठेवणें आणि संकटाच्या काळीं त्याला आपल्यांत मोजणें, हें खरें स्वावलंबन. कणगी भरलेली असावी, विहीर गांवाची असावी, दवाखाना जवळ असावा, लस आपल्या भूमींत बनावी, हें सर्व खरें. पण तें कोणासाठीं, हा हिशेब आधीं झाला पाहिजे. तो न झाल्यास कणगी आणि फाटक यांत फारसें अंतर राहत नाहीं.

आमच्या घरीं काम करणारी बाई खाणीजवळच्या वस्तींत राहते. पांच महिन्यांनीं फाटक उघडलें तेव्हां ती परत आली. मधल्या काळांत आम्हीं तिला पगार पाठविला होता, आणि त्याचें मनांतल्या मनांत थोडें कौतुकही केलें होतें. तिनें तो आपल्या गल्लींतल्या तीन घरांत वाटून खाल्ला, असें बोलतां बोलतां कळलें. त्या घरांच्या मालकिणींनीं कांहींच पाठविलें नव्हतें. ‘एकटीनें कसें खावं?’ एवढेंच ती म्हणाली, आणि भांड्यांकडे वळली. ‘गांव करी तें राव न करी,’ ही म्हण आम्हीं लहानपणापासून ऐकली होती. २०२० सालच्या वाघोलींत तें गांव आमच्या फाटकाच्या आंत नव्हतें, बाहेर होतें.