काडेपेटीचा कारखाना आणि खालाची दाढ

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर माझ्या खालाने एक दाढ काढून घेतली. ईद झाली, बकरीदही झाली, पण जखम काही भरली नाही. वुजूच्या वेळी चूळ भरताना ती कळवळायची. एके दिवशी जिभेला काहीतरी टोकदार लागले. पाहिले तर हिरडीतून पिवळट हाड उघडे पडले होते.

खालाचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलेला आहे. त्यासाठी तिला दर महिन्याला सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिले जाते. दाढ काढताना तिला विचारले होते, "काही औषधे चालू आहेत का?" तिने सांगितले, "बीपीची गोळी." महिन्यातून एकदा लागणारी सलाईन हेही औषधच, हे तिच्या मनात आले नाही. सलाईन सुरू करतानाही तिला दातांबद्दल कोणी काही बोलले नव्हते.

दुखण्याचे कारण कळल्यावर मी वाचायला बसलो आणि थेट एकोणिसाव्या शतकातल्या काडेपेटीच्या कारखान्यात जाऊन पोहोचलो.

तेव्हा काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. त्याची वाफ दिवसभर कामगारांच्या नाकातोंडात जाई. आधी दात दुखे, मग हिरडी सुजे, पू वाहू लागे आणि शेवटी जबड्याचे हाड मरून उघडे पडे. चेहरा विद्रूप होई, आणि दुर्गंधीमुळे माणसे जवळ बसेनाशी होत. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरांनी १८४५ मध्ये या रोगाची नोंद केली.

रोग माहीत होता, तरी काड्या स्वस्त पडत म्हणून फॉस्फरस चालूच राहिला. १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या स्त्रियांच्या हालांवर ॲनी बेझंट यांनी लेख लिहिला. या त्याच बेझंटबाई, ज्या पुढे १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. त्या जुलैत सुमारे १,४०० स्त्रिया आणि मुली संपावर गेल्या. मजुरी आणि दंड यांच्या तक्रारींबरोबर जेवायला वेगळी खोली हवी, हीही त्यांची मागणी होती, कारण फॉस्फरस हातावरून भाकरीत जात होता. संप यशस्वी झाला. पण दहा वर्षांनी त्याच कंपनीने जबड्याच्या रोग्यांची माहिती सरकारपासून लपवल्याचे उघड झाले आणि तिला दंड भरावा लागला.

१८९९ च्या सरकारी चौकशीत दातांच्या एका डॉक्टरांनाही घेतले होते. किडका दात हे या रोगाचे दार आहे, हे तेव्हाच कळून चुकले होते. १९०६ च्या बर्न करारात अनेक देशांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी मान्य केली. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ मध्ये आला. रोग संपला, आणि हळूहळू लोक त्याला विसरले.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची माहिती छापली. जबड्याचे हाड तसेच उघडे पडलेले. फॉस्फरसच्या कारखान्याशी यांचा संबंध नव्हता. ते पामिड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड घेणारे रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक कॅन्सरचे होते. या औषधांच्या रेणूतही फॉस्फरस असतो. जुने हाड खाऊन नव्याला जागा करून देणाऱ्या पेशींना ती आवरतात. कॅन्सरने पोखरलेले हाड त्यामुळे मोडण्यापासून वाचते, वेदना कमी होते. पण जबड्यावर चावण्याचा ताण रोजचा, वरची त्वचा पातळ आणि दातांतले जंतू शेजारीच. तिथे हाडाची डागडुजी थांबली की दात काढल्याची जखम भरत नाही. पुढे आलेल्या डेनोसुमॅब या औषधात फॉस्फरस नसतो, पण ते त्याच पेशींना रोखते, म्हणून धोका त्यातही आहे. आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडे असेल आणि जबड्याला रेडिएशन दिलेले नसेल, तर डॉक्टर या रोगाचे निदान करतात.

हे वाचून कोणी औषध बंद करू नये. बहुतेक रुग्णांना हा त्रास होत नाही, आणि औषधाचा फायदा मोठा आहे. पण सलाईन सुरू होण्याआधी दात तपासून घ्यावेत. काढायचा दात आधीच काढून जखम भरू द्यावी. सलाईन सुरू झाल्यावर दात दुखला तर तो काढण्याची घाई करू नये. रूट कॅनालने वाचतो का ते विचारावे. आणि दातांच्या डॉक्टरांना सलाईनचे नाव लिहून दाखवावे.

खालाचे हाड अजून पूर्ण झाकलेले नाही. औषधी पाण्याच्या गुळण्या चालू आहेत, दुखणे उतरले आहे. तिच्या पर्समध्ये आता एक चिठ्ठी असते, तिच्यावर झोलेड्रॉनिक ॲसिड हे नाव मी मोठ्या अक्षरात लिहून दिले आहे. काडेपेटीच्या कारखान्यांनी शंभर वर्षांपूर्वी जे शिकवले होते, ते आमच्या घराला एक दाढ गमावून कळले.